फेट्यावर चार बोटं

काल तुमच्या नावानं मुंबईहून मोटारींचा नवा कॅटलॉग आला. लढाईच्या वर्षांत हे कॅटलॉग बंद झाले होते आणि टपालवाला दिसला की तुम्ही आतूनच विचारायचात, "आलं का गं काय मुंबईचं?" आता आलं. जाड गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. मी सवयीनं कात्रीनं वेष्टण कापलं, चष्मा लावला, खुर्ची तुमच्या खुर्चीकडे वळवली, आणि पहिलं इंग्रजी वाक्य मराठीत सांगायला तोंड उघडलं. मग तशीच बसून राहिले.

हे मी तुम्हांला लिहिते आहे, पण पोचणार आहे नैरोबीला. आपल्या वसंतानं लिहिलंय की त्याची मुलं, सुधा आणि अरू, सारखी विचारतात, आजोबा काय करायचे? सुधानं तुम्हांला लहानपणी एकदा पाहिलं, अरूनं तेवढंही नाही. वसंता त्यांना म्हणाला, आजोबा मोटारी बांधायचे. त्यावर अरू म्हणाला, "घर बांधतात तशा?" पोराचा प्रश्न मला आवडला. होय, घर बांधतात तशाच. म्हणून मी हे मुलांना कळेल असं लिहिणार आहे. तुम्हांला पाठ असलेलं काही मी पुन्हा सांगू लागले, तर "म्हायती हाय, म्होरं चल" असं म्हणू नका. या खेपेला तुम्हांला ऐकून घ्यावं लागेल.

त्या काळी पुष्कळशा मोटारी विलायतेहून अर्ध्याच यायच्या. इंजिन, चार चाकं आणि दोन लांब लोखंडी पट्ट्या, एवढा सांगाडा. त्याला आपल्या कारखान्यात चेसी म्हणत. बसायला जागा नाही, छप्पर नाही, दार नाही. ड्रायव्हर त्यावर एक लाकडी खोकं बांधायचा आणि त्या खोक्यावर बसून मुंबईपासून पुणे, कोल्हापूर, निपाणी असं करत बेळगावला यायचा. पोचेपर्यंत त्याच्या पापण्यासुद्धा धुळीनं पांढऱ्या झालेल्या असत. मग त्या सांगाड्यावर आपण घर उभं करायचं. खानापूरकडचं सागवान, वरून पत्रा, आत काथ्याच्या गाद्या, शेवटी रंग. सासरे टांगे आणि दमण्या, म्हणजे छपराच्या हलक्या बैलगाड्या, बांधायचे. तुम्ही तेच हात मोटारीकडे वळवलेत.

माप घ्यायची तुमची पद्धत मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. कॅटलॉगात आकृत्या असत, इंच लिहिलेले असत, मी ते वाचून दाखवायची. तुम्ही ऐकायचात आणि बाजूला ठेवायचात. मग मच्छे गावचे आपले दाजीबा मिस्त्री चेसीवर एक स्टूल ठेवायचे आणि हाक मारायचे, "आप्पा, बसा री." तुम्ही डोक्यावरचा फेटा नीट करायचात, वर चढून स्टुलावर ताठ बसायचात. दाजीबा शेजारी एक काठी उभी धरायचे. तुमच्या फेट्याच्या माथ्यावर आडवी चार बोटं ठेवायची आणि तिथे काठीवर खडूनं रेघ ओढायची. झालं छपराचं माप. काम संपलं की रेघ पुसायची. पुढच्या गाडीला पुन्हा स्टूल, पुन्हा तुम्ही, पुन्हा चार बोटं. एकदा मी म्हटलं, "तुम्ही काय दर महिन्याला वाढता? एकदा खूण कोरून ठेवा की." तुम्ही म्हणालात, "गाडी लाकडाला विचारून बांधायची न्हाय गं. माणसाला बसवून बांधायची."

म्हणजे बेळगाव-निपाणीच्या रस्त्यावर सर्व्हिस बस यायच्या आधी आपल्या कारखान्याच्या जेवढ्या छपराच्या गाड्या धावल्या, त्या सगळ्या तुमच्या अंगाच्या होत्या. गाडी कुणाचीही असो, आत जागा तुमच्याइतकी.

*

दुपारची जेवणं झाली की आपली शाळा भरायची. माझ्या वडिलांनी मला कॅम्पातल्या मिशनच्या शाळेत घातलं तेव्हा नातलग म्हणाले होते, पोरीला इंग्रजी शिकवून काय मडमेची आया करायचीय? लग्नानंतर तेच इंग्रजी मोटारीच्या कामी येईल असं त्यांना वाटलं नसेल, मलाही नाही. मी कॅटलॉग वाचायची, तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. झोपलात असं वाटून मी थांबले की एक डोळा उघडायचा. "ते स्प्रिंगचं परत वाच."

मी सगळे अंक वर्षाप्रमाणे लावून ठेवायची आणि तुम्ही ते उलटेसुलटे करायचात. त्यावरून बोलणी व्हायची. पण खरा वाद एकच होता, आणि तो मिटला नाही.

तंबाखूचा भाव पडला ते वर्ष मुलांना सांगायला हवं. आपली बहुतेक गिऱ्हाइकं निपाणीकडची. तंबाखूचे व्यापारी, वखारवाले, गावचे पाटील. भाव पडला आणि त्यांनी मोटारीचं नाव काढणं सोडलं. कारखान्यात काम थांबलं. सुतार सकाळी यायचे, पटाशीला धार लावायचे, दुपारी पुन्हा धार लावायचे. शेडमध्ये वाळलेलं सागवान दोन गाड्यांपुरतं उरलं होतं. ओलं लाकूड घेऊन गाडी बांधता येत नाही, वर्षभरात ती करकरू लागते. तेव्हा त्या लाकडाचं काय करायचं यावर कारखाना जगणार की जाणार हे ठरणार होतं.

मी म्हटलं, सर्व्हिस मोटारी बांधा. म्हणजे प्रवासी बस. श्रीमंतांनी मोटार घेणं थांबवलं तरी माणसं बाजाराला, कोर्टाला, लेकीकडे जायची थांबत नाहीत.

तुम्ही म्हणालात, "खोका बांधायला मी कशाला पायजे? ट्रंकावाला बांधंल."

तुमच्या मनात दुसरीच गाडी होती. बंद, उंच छपराची, काचांची. पाटलानं फेट्यासकट आत बसावं, मांडी घालावी, आणि वरून धूळ नाही, ऊन नाही. उघड्या गाडीत फेट्यात वारा भरतो आणि विलायती बंद गाडीत फेटा छताला घासतो, ही तुमची तक्रार. मी तुम्हांला कॅटलॉगातलं एका बसक्या गाडीचं चित्र दाखवलं होतं. तुम्ही ते हात लांब करून पाहिलंत आणि म्हणालात, "ह्यात माणूस बसत न्हाय. त्याला ठेवत्यात."

"अहो, डोकी बघा," मी म्हटलं. "खडेबाजारात उभे राहा आणि नुसती डोकी बघा. बापाच्या डोक्यावर फेटा आहे, पोराच्या डोक्यावर खादीची टोपी आहे, आणि कॅम्पातल्या वकिलाच्या डोक्यावर काहीच नाही. उद्या गाडी घेणार ते पोरगं."

"आणि पैसा कुणाच्या कनवटीला हाय?"

"बापाच्या. पण बाप किती वर्षं?"

"तू आता गिऱ्हाइकं माराय निघालीस व्हय?"

दाजीबा दाराशी उभे होते. ते हसू दाबत म्हणाले, "आक्का, कोण मरायच्या आत एक तरी गाडी होऊ द्या."

त्या दिवशी तुम्ही जे म्हणालात ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण मुलांना आजोबांचं एकच वाक्य द्यायचं झालं तर मी हेच देईन. "गाडीत शिरताना माणूस वाकतो, वाकू दे. देवळात शिरताना बी वाकतो. पण शिरल्यावर त्यानं वाकून बसायचं आसंल, तर ती गाडी त्याची न्हाय, तो गाडीचा."

वाक्य मला पटलं. तरीही गाडी चुकीची होती असं मला तेव्हा वाटत होतं, आजही वाटतं. वाक्य खरं असलं म्हणून गाडी खपते असं नाही.

तुम्ही सगळं सागवान त्या दोन गाड्यांत घातलंत. गाडी तयार होऊन फाटकाबाहेर आली आणि गल्लीनं तिचं नाव ठेवलं, देव्हारा. "आप्पांचा देव्हारा निघाला, बाजूला व्हा." लांबून तशीच दिसायची. उंच, अरुंद, वर किंचित कमानदार. पहिली बोरगावच्या पाटलांनी घेतली. ते गृहस्थ कारखान्याच्या अंगणात गाडीभोवती फिरले, काठीनं चाकाला टोचून पाहिलं आणि म्हणाले, "आप्पा, ह्यात माणूस बसतोय का देव?"

"बसून बगा, मग ठरवा कोण ते."

पाटील आत बसले, वर पाहिलं, मान डावीउजवीकडे हलवली. फेटा कशालाच लागला नाही. मग त्यांनी पायताण काढून मांडी घातली. "आता खरं," एवढंच म्हणाले. त्या वेळचा तुमचा चेहरा मी खिडकीतून पाहिला. वसंता झाला त्या दिवशीही तुम्ही इतके खूश दिसला नव्हता, हे मी तुम्हांला तेव्हाच सांगितलं होतं.

पण तवंदीच्या घाटात वारा सुटला की पाटलांचा देव्हारा पालखीसारखा डुलायचा. वर जड, खाली हलका. पाटलीणबाई एकदा घाटाच्या पायथ्याशी उतरल्या आणि म्हणाल्या, मी चालत येते, तुम्ही देवाला घेऊन पुढं व्हा. ही गोष्ट निपाणीच्या बाजारात पोचायला वेळ लागला नाही. दुसरी गाडी शेडमध्येच राहिली. तिच्यावर पोतं टाकलं. एका कोंबडीनं मागच्या गादीवर अंडी घातली, तेव्हा दाजीबा गंभीरपणे म्हणाले, "आप्पा, देव्हारा बाटला की ओ. आता सोवळं काय ऱ्हायलं न्हाय." सगळे हसले. तुम्हीही हसलात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच शेडमध्ये गेलात. स्वतःच्या हातानं एकेक बोल्ट काढून तो देव्हारा चेसीवरून उतरवलात. मदतीला कुणाला हाक मारली नाहीत. दुपारी शाळेला येऊन बसलात आणि म्हणालात, "वाच तुझं ते खोक्याचं."

मी वाचलं. पाटलांच्या गाडीच्या पैशांतून महागाचं वाळलेलं सागवान आणून तुम्ही बस बांधलीत. पुढची सारी वर्षं त्या बसनंच कारखाना चालवला. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा मागे कोळशाची भट्टी बसवून तीच बस तुम्ही कोळशाच्या धुरावर चालवून दाखवलीत. पण एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली होती आणि मी बोलले नाही. बसच्या वेळी तुम्ही स्टुलावर बसला नाहीत. दाजीबांनी काठी आणली तर म्हणालात, "पुस्तकात काय ल्हिलंय तेवढंच धर." एकाही बसला तुमचं माप नाही. सगळ्या कॅटलॉगाच्या इंचांवर.

तुम्ही रुसला होता का? माझ्यावर नाही, ते मला ठाऊक आहे. मग कशावर? हे विचारायचं राहून गेलं.

*

आणखी एक राहिलं.

आपली वरात निपाणीहून बेळगावला दमणीतून आली. सासऱ्यांनी स्वतः बांधलेली दमणी, वर वेताचं छप्पर. तुमच्या कपाळाला उंच बाशिंग. बैल उधळले नाहीत, पण रस्ता वाईट होता आणि प्रत्येक खड्ड्याला तुमचं बाशिंग छपराला लागून वाकडं व्हायचं. करवल्या हसायच्या. तुम्ही संकेश्वरपर्यंत ते एका हातानं धरून बसला होता. मी डोकं वर करून पाहायचं नाही असं मला बजावलेलं होतं, म्हणून मला फक्त तुमचं कोपर दिसत होतं. नवऱ्याचं मी पाहिलेलं पहिलं काही म्हणजे ते अवघडलेलं कोपर.

देव्हाऱ्याचं छप्पर तिथूनच आलं होतं का? इतकी वर्षं ही शंका माझ्या मनात आली नाही. आता आली आहे, आणि समोर खुर्ची रिकामी आहे. मी दाजीबांना विचारलं. ते म्हणाले, "कोण जाणं, आक्का. आप्पा वरातीचं कधी बोलल्यालं मला याद न्हाय." मग अंगावरचा भुसा झाडत म्हणाले, "बाशिंगाचं कोण बोलतंय?"

*

तुम्ही गेलात त्याबद्दल मी लिहिणार नाही. मुलांना ते वसंतानं सांगितलं आहे. वसंताला बोटीनं पोचणं शक्य नव्हतं, म्हणून पुतण्यानं सगळं केलं. घर भरलेलं होतं तोवर मला काही कळत नव्हतं. पाहुणे गेले आणि कळलं. मला भीती वाटत नाही, झोप येते, जेवते. पण दिवसभरात माझं म्हणणं कुणी खोडून काढत नाही. मी जे बोलते त्याला सगळे "व्हय आक्का" म्हणतात. मोलकरणीला म्हटलं आज बाजारात वांगी महाग असतील, तर व्हय आक्का. तुम्ही असता तर म्हणाला असता, "महाग न्हाईत, तुला घ्यायची न्हाईत." या घरात मी काही म्हटलं की ते तपासून घेणारं एक माणूस होतं. चारचौघांत लोक तुम्हांला म्हणायचे, आप्पा, बायकोचं काय ऐकताय. तुम्ही म्हणायचात, "ऐकतोय कुठं, भांडतोय." एकदाही, वाद हरतानाही, तुम्ही मला "तुला काय कळतंय" असं म्हणाला नाहीत. हे मी तुम्हांला सांगायला हवं होतं. तुम्हांला आवडलं नसतं, विषय बदलला असता. तरी.

वसंता म्हणतो, कारखाना विकून नैरोबीला ये. सुधानं मला तिच्या खोलीत अर्धी जागा देऊ केली आहे. मी अजून उत्तर दिलेलं नाही, कारण इथे पुन्हा तेच येऊन ठेपलं आहे. लढाईत सागवान सगळं सरकारनं उचललं. शेडमध्ये वाळलेलं लाकूड एका गाडीपुरतं आहे, आणि मागण्या दोन आहेत. एक बोरगावच्या पाटलांच्या मुलाची. दुसरी निपाणीच्या एका सर्व्हिसवाल्याची. त्यानं बससाठी चेसी आणून अंगणात उभीच केली आहे. जे बांधू ते खपलं आणि चाललं, तर दाजीबा आणि बाकीची माणसं राहतील. चुकलं तर फाटकाला कुलूप, आणि मी सुधाच्या खोलीत.

पाटलांचा मुलगा काल संध्याकाळी आला. बोडका, केसांना तेल लावून भांग पाडलेला. बापाचा फेटा आणि मुलाचा भांग पाहून मला वाटलं, घ्या, डोकी बघा म्हटलं होतं ना. पण ऐकायला तुम्ही नव्हता.

"आक्का, बसकी गाडी पायजे. मुंबईत हाय तशी," तो म्हणाला. "आबांच्या देव्हाऱ्यात बसून कालेजच्या मैतरांकडं जायची लाज वाटती."

तुम्ही असता तर त्याला काय बोलला असता देव जाणे. मी कॅटलॉग पुढे केला. "ही बघ. आता अख्खी गाडी पोलादाचीच येणार आहे. दारं, छप्पर, गाद्या, सगळं तिकडूनच. मी तुला लाकडाची बांधून दिली तर वर्षभरात तू हिच्याकडे बघशील आणि मला शिव्या घालशील. थांब थोडा, आणि हीच घे."

तो गोंधळला. "आक्का, आलेलं गिऱ्हाईक परत लावून देताय?"

"व्हय," मी म्हटलं. तुमच्या भाषेत.

तो गेल्यावर दाजीबांनी फाटक लावून घेतलं. मग म्हणाले, "आप्पांनी बांधली आसती."

"बांधली असती," मी म्हटलं. "म्हणून तर मी होते."

म्हणजे बस. तिथवर माझं ठरलं होतं. आणि कोणती बस, ते त्याआधीच, तुमच्या दिवसकार्याच्या दिवशी कळलं होतं. त्या दिवशी मी वरच्या खिडकीपाशी बसले होते. निपाणीकडून माणसं आली, आपल्याच कारखान्यात बांधलेल्या बसनं. समोर रस्त्यात बस थांबली. एकेक जण वाकून दारातून उतरत होता, आणि प्रत्येकाचा फेटा हातात किंवा काखेत. आत छताला लागतो म्हणून सगळ्यांनी काढून मांडीवर घेतलेला. शेतकरी, वखारीतले हमाल, बोरगावचे म्हातारे पाटील, सगळे. मग ती सारी माणसं आपल्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला उभी राहिली आणि फेटे बांधू लागली. चुरगळलेला फेटा घेऊन शोकाच्या घरात कसं जायचं? कुणी टोक दातात धरलेलं, कुणी दुसऱ्याला पदर ओढून देतोय. बांधून झाल्याशिवाय कुणी पाऊल आत टाकलं नाही. म्हातारे पाटील सर्वांत शेवटी आले. त्यांचे हात थरथरतात आता.

मी निपाणीला बहिणीकडे जाताना या बसमधून किती वेळा गेले असेन. मांडीवरचे फेटे दर खेपेला पाहिले. मला वाटायचं, बसमध्ये असंच बसतात.

खडेबाजारात मी मोटार घेणाऱ्यांची डोकी बघत होते. ती खरंच बोडकी झाली. पण बसमध्ये बसणाऱ्यांची झालेली नाहीत, आणि अजून बरीच वर्षं होणार नाहीत. उंची तुमची बरोबर होती आणि गाडी माझी. आपण दोघांनी त्या दोन गोष्टी कधी एका चेसीवर ठेवल्या नाहीत. तुम्ही यावर काय म्हणाला असता तेही मला माहीत आहे. "म्हंजे माझंच खरं." नाही. निम्मं.

*

आज सकाळी मी मागच्या दारानं कारखान्यात गेले. इतक्या लवकर बाहेर पडू नये असं जाऊबाईंचं म्हणणं होतं. मी म्हटलं, कारखाना बाहेर नाही, मागे आहे. दाजीबांनी चेसी धुऊन घेतली होती, स्टूल वर ठेवलं होतं, काठी हातात होती. पण ते हाक मारायचे थांबले होते. मला पाहून म्हणाले, "आक्का, माप कुणाचं घ्यायचं?"

"आप्पांचं."

"रेघा पुसल्या की ओ. दर बारीला पुसायचो."

ते खरंच होतं. काठीवर काही नव्हतं. इंचांत तुम्ही ते कधी लिहू दिलं नव्हतं. मी तिथेच उभी राहिले. मग मला आठवलं आणि मी परसाकडे वळले.

अरू, सुधा, तुमचे बाबा लहानपणी ज्या बिनचाकांच्या मोटारीत बसून पाढे म्हणायचे, ती अजून परसात आहे. चेसीवरून उतरवलेला तो देव्हारा. आता त्यात सरपण आणि गोवऱ्या असतात. दाजीबा आणि मी मिळून मागच्या गादीवरचं सरपण बाजूला केलं. गादी कधीच गेली आहे, खालची फळी आहे. दाजीबांनी काठी फळीवर उभी केली आणि छताला लावली. तिथे खडूनं रेघ ओढली. मग रेघेखाली चार बोटं मोजून दुसरी. आणि फळीपासून त्या दुसऱ्या रेघेपर्यंत हात फिरवून म्हणाले, "एवढं आप्पा."

मी मान हलवली.

आम्ही काठी घेऊन अंगणात आलो. दाजीबा म्हणाले, स्टुलावर माणूस बसल्याबिगर आप्पांनी कधी गाडी धरली न्हाय. बाकीची माणसं टोपीवाली नाहीतर बोडकी होती, आणि कुणाला तिथे बसवावं असं आम्हां दोघांनाही वाटेना. मग मीच वर चढले. लुगडं सावरत, दाजीबांच्या खांद्याला हात लावून. स्टुलावर ताठ बसले आणि पदर डोक्यावरून नीट घेतला. इतक्या वर्षांत चेसीवर मी पहिल्यांदाच बसले. तिथून फाटक दिसतं, रस्ता दिसतो, आणि माझी दुपारची खुर्चीसुद्धा दिसते. तुम्हांला इथून मी दिसत असे, हे मला माहीत नव्हतं.

दाजीबांनी काठी माझ्या शेजारी उभी केली. माझ्या पदरापासून खडूच्या वरच्या रेघेपर्यंत बरीच मोकळी जागा राहिली. त्यांनी ती पाहिली, मीही पाहिली.

"आक्का, लई वर जातंय," ते हळूच म्हणाले. "जरा खाली घेऊ?"

"नको," मी म्हटलं. "तेवढी राहू दे."